भरदार आवाजाचे घर

माजलगावच्या भीमनगरात १९९६ च्या एप्रिल महिन्यात काही बायका एकत्र बसल्या आणि त्यांनी जात्यावरच्या ओव्या गायल्या. पुण्याहून आलेल्या अभ्यासकांनी त्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या. गाणाऱ्यांत राधाबाई बोऱ्हाडे होत्या, त्यांच्या शेजारणी होत्या, आणि कितीतरी ओव्यांचा नायक बाबासाहेब आंबेडकर हा होता. स्टुडिओ नव्हता, साथीला वाद्य नव्हते, दारे बंद करून घेण्याची सोय नव्हती. आज ते मुद्रण ऐकताना प्रथम जाणवते ती आवाजाची भर. आवाज कानावर आदळत नाही, शेजारी येऊन बसतो.

आमचे विद्यार्थी आपल्या आज्यांच्या ओव्या मोबाइलवर मुद्रित करून आणतात तेव्हा प्रांत तोच असतो, बोली तीच असते, पुष्कळदा ओवीही तीच असते. आवाज मात्र पातळ, पत्र्यासारखा वाजतो. यंत्र तर तीस वर्षांनी पुढे गेलेले आहे. मग मधल्या काळात आवाजातले काय गळून पडले, हा प्रश्न आम्हांला काही वर्षांपासून छळतो आहे. मराठीच्या अध्यापकांनी ध्वनिशास्त्रात नाक खुपसावे का, असे कोणी म्हणेल. पण मौखिक वाङ्मय शिकवायचे आणि मुखातून निघालेल्या आवाजाविषयी मौन पाळायचे, ही रीत आम्हांला मानवत नाही.

आधी शब्द पाहू. चांगल्या आवाजाला आपण भरदार म्हणतो, पल्लेदार म्हणतो, जवारीदार म्हणतो. यांतला तिसरा शब्द तंबोऱ्यावरून आला. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात, मग एकाच तारेतून मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वर उमलू लागतात. मूळ स्वर तोच राहतो, त्याला अंग येते. (आमच्या भागात जोंधळ्यालाही जवारी म्हणतात. जात्यात जवारी आणि गळ्यातही जवारी, हा योगायोग भाषेने फुकट दिलेला आहे. त्यावर सिद्धांत उभारण्याचा मोह आम्ही टाळतो.) खालच्या बाजूची भर कशी आणतात हे पखवाजियाला विचारावे. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर पद्मश्रीने गौरविले गेले, ते पखवाजासाठी. हे आपेगाव ज्ञानेश्वरांचे पैठणजवळचे नव्हे. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात; कातड्याचे वजन वाढते, कंप मंदावतो आणि नाद खाली उतरून घुमू लागतो. कणीक कमी पडली तर पखवाज कोरडा बोलतो, जास्त झाली तर गुदमरतो. घरी आवाज मुद्रित करणाऱ्याला नेमका हाच तोल साधायचा असतो, फक्त त्याच्या हातात कणीक नसते.

यंत्राने मानवी आवाज पकडायला सुरुवात केली तेव्हा पहिला बळी या खालच्या अंगाचाच गेला. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहर जान यांच्या आवाजाची मुद्रणे केली. विजेचा मायक्रोफोन तेव्हा नव्हता. गायिकेने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे; हवेच्या थरथरीने पडदा हलायचा, पडद्याने सुई हलायची आणि सुई मेणाच्या तबकडीवर रेघ ओढायची. या व्यवस्थेत ढोबळमानाने दोनशे ते दोन-अडीच हजार हर्ट्झ एवढाच पट्टा उमटत असे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तो तबकडीवर पोचतच नसे. आपला कान मात्र दयाळू आहे. वरच्या स्वरांच्या परस्परसंबंधावरून तो गाळलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो, म्हणून पुरुष पुरुषासारखाच ऐकू येई. ऐकू येई, पण कृश. जुन्या तबकड्यांवरचे गवई सगळेच दुरून, पेटीत बसून गात आहेत असे वाटते त्याचे कारण त्यांच्या गळ्यात नव्हे, कर्ण्यात आहे. आपल्या पूर्वसूरींच्या आवाजांविषयी मते बनविताना ही वजाबाकी ध्यानात ठेवणारे रसिक आम्हांला फार थोडे भेटले.

त्यात आपल्याकडे आवाज फेकण्याची परंपरा होतीच. १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आले तेव्हापासून कित्येक दशके मराठी नट-गायक मायक्रोफोनवाचून शेवटच्या रांगेपर्यंत पोचत राहिले. त्यासाठी उंच पट्टी हवी, धारदार सूर हवा. ती धार कर्ण्यालाही मानवली. ऊब हा त्या गायकीचा हेतूच नव्हता. हजार माणसांच्या मंडपात कोणी कोणाच्या कानात गात नाही.

१९२५ च्या सुमारास विजेचे मुद्रण आले आणि हा हिशेब पालटला. मायक्रोफोनला कर्ण्याइतका रेटा लागत नाही. हलका श्वासही तो टिपतो. शिवाय एका दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनचा एक गुण लवकरच ध्यानात आला: तोंड जितके जवळ, तितके खालचे स्वर फुगून येतात. हा मायक्रोफोन पुढून आणि मागून येणाऱ्या दाबांतला फरक मोजतो. उगम अगदी जवळ असला की खालच्या स्वरांसाठी हा फरक प्रमाणाबाहेर वाढतो. जवळ आलेल्या माणसाचा आवाज भरदार वाटतो, या घरगुती अनुभवाला यंत्राने अशी पुष्टी दिली. अमेरिकेतली हळुवार गायकी यातून जन्मली. आपल्याकडे भावगीत याच दारातून आत आले. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेची ध्वनिमुद्रिका केली आणि ती घरोघर वाजली. भावगीताच्या उदयाची कारणे सांगताना आम्ही वर्गात रविकिरण मंडळ सांगतो, मध्यमवर्ग सांगतो, रोमँटिक जाणिवा सांगतो. मायक्रोफोन सांगत नाही. वस्तुतः एकट्याने एकट्यासाठी गावे असा तो आविष्कार मायक्रोफोनवाचून सभागृहात उभाच राहिला नसता. १ एप्रिल १९५५ या दिवशी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. सुधीर फडके यांनी उच्चारलेले व्यंजन न व्यंजन खेड्यातल्या रेडिओवर स्पष्ट पोचत होते, तरी आवाजात कुठे ताण नव्हता. फेकीशिवाय पोच ही त्या शतकाने गळ्याला दिलेली मोठी सवलत होती.

या सवलतीपासून एक गाणे मात्र दूर राहिले. ते आधीपासूनच घरात होते, जवळ होते, आणि श्रोत्यासाठी गायिले जातच नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, म्हणजे ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. गंगाखेडच्या जनाबाईचे जाते तर सर्वांना ठाऊक आहे. पुढे सानेगुरुजींनी, सरोजिनी बाबरांनी ओव्या जमविल्या त्या कागदावर. शब्द वाचले, ही त्यांची थोरवी; पण जमविलेली ओवी ही अर्धीच ओवी होती. उरलेली अर्धी आवाजात होती.

ती अर्धी मिळविण्याचे श्रेय हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ या जोडीचे. प्वातव्हाँ मूळचे फ्रान्सचे, १९७२ साली भारतात आले आणि पुण्याचेच झाले. दोघांनी आणि गावोगावच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे हजार खेड्यांतल्या तीन हजारांवर बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात संगणक आणि संगीत या दोहोंचे जाणकार बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि ओव्यांचे डिजिटल टेपवर मुद्रण सुरू झाले. असे सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. प्वातव्हाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. मार्च २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने या ओव्या आवाज, शब्द आणि अर्थ यांसह लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. नमिता वाईकर, आशा ओगले, जितेंद्र मेड, रजनी खळदकर आदींनी त्यामागे वर्षे घातली. भीमनगराचे मुद्रण या साठ्यातले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ही मुद्रणे भरदार का? पहिले कारण उघड आहे आणि तेवढेच दुर्लक्षित. या बायका माइकसाठी गात नव्हत्या, एकमेकींसाठी गात होत्या. एकीने ओळ घ्यायची, दुसरीने ती धरायची. बोलण्याच्या पट्टीच्या थोडेसेच वर, गळा न ताणता, बसून. दोन-तीन गळे एका स्वरावर येतात तेव्हा ते गणिताइतके तंतोतंत जुळत नाहीत. केसभर फरक राहतो आणि त्या फरकातून सूर जाड होतो. स्टुडिओत हाच परिणाम साधण्यासाठी एकाच गायकाला तीच ओळ दोनदा गायला लावून एकावर एक चढवतात. भीमनगरात त्यासाठी शेजारीण होती.

दुसरे कारण घराचे आहे आणि त्यावर थोडे रेंगाळायला हवे. मराठवाड्यातल्या जुन्या, बऱ्या परिस्थितीतल्या घराला माळवद असे. दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंतीत देवळ्या, खुंट्या, धान्याचे बळद. कोपऱ्यात वाकळांची चळत. असल्या खोलीत आवाजाला सपाट पृष्ठभाग सापडत नाही. माती आणि वाकळा वरचे टोचरे स्वर पिऊन टाकतात, तुळया उरलेला ध्वनी विखरून देतात. ऐकणाऱ्याला थेट तोंडातून आलेला आवाज अधिक आणि भिंतीवरून परतलेला कमी मिळतो. आज घरी मुद्रणकक्ष करणारे तरुण भिंतीला फोमच्या पाट्या चिकटवतात, त्या याच हेतूने. पातळ फोम मात्र फक्त वरचे स्वर शोषतो, खालचे तसेच सोडतो, आणि आवाज एकाच वेळी मुका आणि घुमट होतो. जाड वाकळ भिंतीपासून चार बोटे दूर टांगली तर ती फोमहून अधिक काम करते, हे आम्ही करून पाहिले आहे.

पण माळवदाचे गोडवे गाताना हात थबकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागांत सुमारे आठ हजार माणसे गेली. ती मुख्यत्वे याच भिंतींखाली आणि याच माळवदांखाली गेली. आवाज पिणारी माती माणसांवर कोसळली. त्यानंतर साऱ्या मराठवाड्यात, आमच्या जिल्ह्यातही, माळवदाखाली निजायला माणसे धजेनात. पत्रा आला, मग सिमेंटचा स्लॅब आला. हे योग्यच झाले. पण आवाजाच्या इतिहासात ही एक मोठी घटना आहे आणि तिची नोंद कोणी केलेली नाही: पाव शतकात एका अख्ख्या प्रदेशाच्या घरांचा नाद बदलला. पत्र्याखाली शब्दाला कंप सुटतो. गिलावा केलेल्या गुळगुळीत समोरासमोरच्या भिंतींत टाळी वाजवली तर ती फडफडत राहते. दहा बाय दहाच्या चौकोनी खोलीत साधारण छप्पन्न आणि त्याच्या दुप्पट, एकशे बारा-तेरा हर्ट्झचे स्वर आपोआप घुमतात. यांतला दुसरा नेमका पुरुषाच्या आवाजाच्या बुडाशी येतो. म्हणून तशा खोलीत कीर्तनकाराचे निरूपण मुद्रित केले की काही अक्षरे ढोलासारखी दणकतात आणि बाकीची कोरडी राहतात.

आणखी एक गोष्ट. भीमनगर ही दलित वस्ती. सागाच्या तुळयांचे माळवद हे देशमुखांच्या, पाटलांच्या वाड्याचे वैभव. गावकुसाबाहेर ते पोचले नाही. तेव्हा भरदार आवाजाचे श्रेय वास्तुशिल्पाला देऊन मोकळे होता येत नाही. लहान घरात दाटीने बसलेल्या बायका, त्यांची लुगडी, मांडीवरची मुले, कोपऱ्यातली धान्याची पोती यांनी तेच काम केले असावे असे आम्ही समजतो. माणूस स्वतः चांगला ध्वनिशोषक आहे. रिकाम्या सभागृहात आणि भरलेल्या सभागृहात बोललेल्या कोणत्याही वक्त्याला हे ठाऊक असते.

मधल्या कॅसेटयुगाविषयी थोडक्यात. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर आमच्याही घरांत आले. त्यांना पोटातच माइक असे आणि आवाजाची पातळी आपोआप राखण्याची सोय असे. कोणी बोलायचे थांबले की यंत्र कासावीस होऊन पातळी वाढवी आणि खोलीतली शांतताच खरखरत मोठी होई. तरीही त्या फितींवरचे आवाज आज गोड लागतात. चुंबकीय फीत मोठ्या आवाजाला कापत नाही, मऊपणे दाबते आणि दाबताना त्याला थोडे वरचे स्वर जोडते. एका अर्थी फितीलाही जवारी होती.

मोबाइलचे तसे नाही. त्याची रचना संभाषणासाठी झालेली आहे. सतत चालणारा, न बदलणारा नाद म्हणजे गोंगाट, असे त्याला शिकवलेले असते. पंखा, मोटार यांच्या बाबतीत हे ठीकच. पण जाते? जात्याची घरघर हा ओवीचा तंबोरा आहे. गायिका तिच्यावर लय तोलते, पाळीच्या फेऱ्यावर यती घेते. मोबाइलचा गोंगाट-निवारक ही घरघर पुसतो आणि पुसताना गायिकेच्या आवाजाचा तळही खरवडून नेतो, कारण दोघांचा वावर एकाच भागात आहे. उरतो तो वरचा सांगाडा. मग मुले तो सांगाडा संगणकावर घेतात आणि त्यावर इको चढवतात. जत्रेतल्या आणि कीर्तनाच्या ध्वनिवर्धकांनी आमच्या कानांना अशी सवय लावली आहे की इको म्हणजेच भारदस्तपणा. वास्तविक इको आवाजाला दूर नेतो. देवळाच्या गाभाऱ्यातून कोणी बोलावे तसे आजीचे बोलणे येऊ लागते, आणि ती तर चुलीपाशी बसलेली असते.

जात्याचे आम्हांला कौतुक आहे असे कोणी समजू नये. पहाटे तीनला उठून पायलीभर दळण काढणे हे कष्ट होते आणि पिठाच्या गिरणीने बायकांचे हात सोडवले हे चांगलेच झाले. पण गिरणी आल्यावर ओवीला निमित्त उरले नाही. ज्यांनी खरोखर दळता दळता ओव्या म्हटल्या त्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत. दर उन्हाळ्यात त्यांच्यातल्या काही कमी होतात. त्यांचा आवाज ज्या मोबाइलवर पहिल्यांदा उतरतो त्याच मोबाइलवर तो बहुधा शेवटचाही उतरलेला असतो. तो पत्र्यासारखा उतरला तर पुढच्या पिढीला ओवी ही किरकिरी, दमलेली गोष्ट वाटेल आणि तिला चूक म्हणता येणार नाही. कर्ण्यातून आलेल्या गवयांना आपण कृश समजलो, तसेच तेही समजतील.

म्हणून अलीकडे विद्यार्थी मुद्रणाला निघाले की आम्ही त्यांना यंत्रापेक्षा घराबद्दल अधिक सांगतो. स्लॅबच्या पुढच्या खोलीत, टाइल्सवर, आजीला खुर्चीत बसवू नका. अंथरुणे आणि पोती जिथे आहेत त्या मागच्या खोलीत बसवा, खाली, तिच्या सवयीने. भिंतीच्या मधोमध नको, कोपऱ्यातही नको, जरा तिरके. मोबाइलमधली आवाज सुधारण्याची सोय बंद करा. छोटा का होईना, एका दिशेने ऐकणारा वेगळा माइक मिळाला तर तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला धरा, म्हणजे ऊब येईल आणि ‘प’, ‘फ’ यांचे फटके बसणार नाहीत. पंखा बंद, जाते चालू. मुद्रण दाबून पाठवू नका, मूळ फाइल जपा. नंतर संगणकावर ऐंशी हर्ट्झच्या खालचे काही कमी करायचे झाल्यास आधी ऐका, कारण जात्याचा दगड तिथेच बोलतो. आवाज बोचरा वाटला तर तीन हजार हर्ट्झच्या आसपास थोडे उतरवा. खाली भर घालण्याच्या भरीस पडू नका, ती बहुतेक वेळा चिखल होते.

आणि आजीला एकटीला गायला लावू नका. शेजारची कोणी समवयस्क बोलवा, दोघींचे बोलणे रंगू द्या, लेकीबाळींच्या चौकशा होऊ द्या. पहिल्या पाच-सात ओव्यांत गळा उघडत असतो, त्या वेळी यंत्राकडे कोणी पाहायचे नाही. जात्याला नुसतेच, धान्य घालून, अर्धा मिनिट फिरू द्यावे आणि तेही मुद्रित करावे. पुष्कळदा जाते माळ्यावरून उतरवावे लागते आणि त्याचा खुंटा हरवलेला असतो. तेव्हा खुंटा आदल्या दिवशीच सुताराकडून करून घ्यावा.